हातचं राखून

मी स्क्रॅबल खेळतो असं सांगितलं की दहातली नऊ माणसं एकच वाक्य बोलतात, "वा! म्हणजे इंग्रजी एकदम फाडफाड असणार तुझं." आणि त्यातली निम्मी लगेच पुढे जोडतात, "आपल्याला नाही बाबा जमायचं ते. आपण पडलो मराठी मीडियमवाले." पहिलं वाक्य मी हसून सोडून देतो. दुसऱ्याचा मात्र मला मनापासून राग येतो आणि आजचा लेख त्या रागापोटीच लिहितोय.

कारण मीही मराठी माध्यमाचाच. पहिलीपासून इंग्रजी विषय होता खरा, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली ती थेट इंजिनिअरिंगला गेल्यावर. अजूनही क्लायंटच्या कॉलवर वाक्य आधी मनातल्या मनात जुळवून घ्यावं लागतं. आमच्या ऑफिसच्या ब्रेक एरियात कॅरम आहे, टेबल टेनिस आहे आणि एका कपाटात स्क्रॅबलचा खोका आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जाऊन बघा, वाटणी आपोआप झालेली असते. कॉन्व्हेंटवाले खोक्यापाशी, आपली मंडळी कॅरमपाशी. कुणी कुणाला अडवलेलं नसतं, पण ती अदृश्य रेघ ओलांडतही कुणी नाही. आणि गंमत म्हणजे कॅरमवर बसलेल्यांत दोघं-तिघं असे आहेत की ज्यांचं डोकं स्क्रॅबलसाठीच बनलंय. त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही, इतकंच.

तर माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. स्क्रॅबल हा इंग्रजीचा खेळ नाही, निर्णयांचा खेळ आहे. शब्द हा फक्त कच्चा माल.

ज्यांनी कधीच खेळलेला नाही त्यांच्यासाठी नियम दोन ओळींत. १५ बाय १५ चौकोनांचा पट, पिशवीत १०० टाइल्स. त्यातल्या ९८ टाइल्सवर अक्षरं आणि २ कोऱ्या, म्हणजे पत्त्यांतल्या जोकरसारख्या, हव्या त्या अक्षरासाठी चालणाऱ्या. प्रत्येकाच्या रॅकवर सात टाइल्स. पटावर आधी असलेल्या शब्दांना जोडून नवा शब्द लावायचा, गुण घ्यायचे, जितक्या वापरल्या तितक्या टाइल्स पिशवीतून पुन्हा उचलायच्या. पटावर काही चौकोन अक्षराचे किंवा अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट-तिप्पट करतात. सातच्या सात टाइल्स एका फटक्यात लावल्या तर ५० गुण बोनस. याला खेळाडू बिंगो म्हणतात. झालं.

हा खेळ रचला आल्फ्रेड बट्स नावाच्या एका अमेरिकन आर्किटेक्टने, १९३० च्या दशकात, मंदीमुळे नोकरी गेलेली असताना. कुठलं अक्षर इंग्रजीत किती वेळा येतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली. म्हणजे बघा, पायाच मुळी मोजदादीचा आहे. 'ई' १२ ठेवल्या, 'क्यू' आणि 'झेड' एकेकच, १० गुणांचे. आणि 'एस'? इंग्रजीत तो ढिगाने येतो, पण बट्सने मुद्दाम फक्त ४ ठेवले. कारण शेवटी 'एस' लावून अनेकवचन केलं की झाला नवा शब्द, खेळ फार सोपा होईल. त्याने जाणूनबुजून टंचाई निर्माण केली. आणि जिथे टंचाई तिथे निर्णय आलाच.

आता नवा खेळाडू काय करतो? सात अक्षरांकडे टक लावून बघतो आणि सगळ्यात जास्त गुण देणारा शब्द शोधतो. सापडला की लावतो. यात चूक काय, असं कुणालाही वाटेल. इथे मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो.

१९८८ साली ॲपेल आणि जेकबसन या दोन संगणक-शास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला, जगातला सगळ्यात वेगवान स्क्रॅबल प्रोग्राम कसा बनवायचा यावर. शब्दांची अख्खी यादी त्यांनी अशा जाळ्यात बसवली की शब्दांच्या सारख्या सुरुवाती आणि सारखे शेवट एकदाच साठवले जातात. त्यामुळे पटावरची प्रत्येक शक्य चाल क्षणात सापडते. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर शिकताना हे वाचलं असतं तर तो विषय मला आधीच आवडला असता. पण त्या प्रोग्रामला रणनीती नावाचा प्रकार माहीत नव्हता. सगळ्यात जास्त गुणांची चाल शोधायची आणि लावायची, बस्स.

त्याउलट ब्रायन शेपर्ड यांचा मेव्हन हा प्रोग्राम. तो चालीचे गुण तर बघायचाच, पण ती चाल खेळल्यावर रॅकवर मागे काय उरतंय त्यालाही किंमत द्यायचा. मग त्यातल्या निवडक चाली घेऊन, समोरच्याच्या हातात काय काय असू शकेल याचे असंख्य नमुने कल्पून, पुढच्या दोन-चार पाळ्या खेळून बघायचा आणि सरासरी काढायचा. १९९८ साली मेव्हनने जोएल शर्मन आणि मॅट ग्रॅहम या दोन कसलेल्या खेळाडूंच्या जोडीला ६-३ असं हरवलं. शर्मन हा १९९७ चा विश्वविजेता होता.

आता विचार करा. असे दोन प्रोग्राम समोरासमोर बसवले, दोघांना तीच शब्दयादी दिली, तर कोण जिंकेल? एखादा डाव कुणीही मारेल. पण शेकडो डाव खेळवले तर मागे काय उरतं ते बघणारा प्रोग्राम अधाशी प्रोग्रामला मागे टाकतो. शब्दसंग्रह दोघांचाही शंभर टक्के. इंग्रजी दोघांनाही शून्य टक्के. मग फरक कशाने पडला? निर्णयाने. माझ्या मते वाद इथेच संपायला हवा, पण असो, पुढे जाऊ.

मागे उरलेल्या टाइल्सना खेळाडू 'लीव्ह' म्हणतात (ऑफिसात मागतो ती नव्हे!). माझ्या आजीच्या भाषेत सांगायचं तर हातचं राखून खेळणं. समजा तुमच्यापुढे दोन चाली आहेत. एक २४ गुणांची, पण तिच्यानंतर रॅकवर दोन 'यू' आणि एक 'व्ही' उरणार. दुसरी १९ गुणांची, पण मागे 'ए', 'ई' आणि 'आर' उरणार. अधाशी माणूस पाच गुण जास्त बघून पहिली खेळेल. सरावलेला माणूस दुसरी खेळेल आणि त्याला दोनदा विचारही करावा लागणार नाही. दोन 'यू' आणि 'व्ही' घेऊन पुढच्या दोन पाळ्या रडत काढाव्या लागतात. 'ए', 'ई', 'आर' कशाशीही जमवून घेतात. चांगल्या सुनेसारखे, असं लिहिणार होतो, पण बायको ब्लॉग वाचते :)

या जमवून घेण्याची ताकद किती? एक गंमत सांगतो. 'रेटिना' या शब्दाची सहा अक्षरं घ्या. आर, ई, टी, आय, एन, ए. प्रत्येक टाइल एका गुणाची, सगळ्यांची मिळून किंमत सहा गुण. बाजारभावाने बघितलं तर कचरा. आता सातवी टाइल पिशवीतून काढा. 'सी' आली, सर्टन झालं. 'डी' आली, ट्रेन्ड. 'जी' आली, ग्रॅनाइट. 'पी' आली, पेंटर. 'टी' आली, नायट्रेट. 'एच' आली, हेअरनेट. 'एम' आली, मिनारेट. 'के' आली, केराटिन. दुसरी 'ई' आली तर चक्क ट्रेनी! मी एकदा बसून सगळी मोजदाद केली. ही सहा अक्षरं सोडून उरणाऱ्या ९४ टाइल्सपैकी किमान ६८ टाइल्स अशा आहेत की ज्यांनी सात अक्षरी शब्द होतोच. म्हणजे ७२ टक्के. तो लावायला पटावर जागा हवी हे खरं, पण पहिली पाळी असेल तर तीही अडचण नाही.

उलट 'क्यू' बघा. दहा गुणांची टाइल, दिसायला श्रीमंत. पण ती रॅकवर आली की बाकीच्या सहा अक्षरांशी जमवून घेत नाही, जागा अडवून बसते. म्हणून जाणते खेळाडू 'क्यू' आणि 'आय' मिळून होणारा ची हा शब्द (चिनी भाषेतून आलेला, प्राणशक्ती असा अर्थ) मिळाला की पुष्कळदा लगेच लावून मोकळे होतात. एक-एक गुणाची साधी अक्षरं राखून ठेवायची आणि दहा गुणांचा साहेब लवकर वाटेला लावायचा. हे कळायला कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये जावं लागतं सांगा बरं? रमी खेळणाऱ्या कुठल्याही मावशीला हे आपोआप कळेल. मोठं पान हातात धरून बसणाऱ्याचं शेवटी काय होतं हे तिने दर दिवाळीत बघितलेलं असतं.

'एस' आणि कोऱ्या टाइलचंही तसंच. खेळाडूंचा एक ढोबळ हिशोब असतो. 'एस' खर्च करायचा असेल तर त्याने निदान आठेक गुण जास्त मिळवून द्यायला हवेत. कोरी टाइल खर्च करायची तर पंचवीस-तीस. कोऱ्या टाइलवर स्वतःचा गुण शून्य असतो, आणि तरीही ती पिशवीतली सगळ्यात मौल्यवान टाइल. छापील किंमत आणि खरी किंमत यातला फरक ओळखणं म्हणजेच हा खेळ, असं म्हटलं तरी चालेल.

हे झालं आपल्या हातातलं. पण पट दोघांचा असतो. पटावर तिप्पट शब्दाचे आठ चौकोन आहेत, सगळे कडेला. तुम्ही एखादा छान शब्द लावता आणि त्याच्या शेवटी 'एस' जोडला की समोरच्याला थेट त्या तिप्पट चौकोनाची वाट मोकळी होते. तुमचे गुण २८, त्याचे ५०. हा सौदा करायचा का? इथे परत मोजदाद. डावाची सुरुवात आहे, तुमच्याकडे एकही 'एस' नाही, तर न दिसणाऱ्या ९३ टाइल्समध्ये चारही 'एस' आहेत. समोरच्याच्या सात टाइल्समध्ये निदान एक 'एस' असण्याची शक्यता साधारण २७ टक्के. दोन्ही कोऱ्या टाइल्सही बाहेरच असतील तर त्या धरून ३८ टक्के. म्हणजे दार उघडं टाकलं तर दहातल्या जवळजवळ चार वेळा चोर आत. आणि उलट बाजू अशी की शेवटचा 'एस' तुमच्याच रॅकवर असेल, तर तेच दार तुमचं खासगी दार होतं. खुशाल उघडं ठेवा.

कॅरम खेळणाऱ्या मित्रांनो, तुम्ही हेच करता. फक्त सोंगटी घालवत नाही, पुढची सोंगटी कुठे येईल ते बघता. समोरच्याच्या सोंगटीच्या वाटेत आपली आणून ठेवता. राणी घेतली की कव्हर आहे की नाही हे आधी बघता. निर्णयाची जात तीच आहे, फक्त पावडर नाही.

मग येतो धावफलक. तीच टाइल्स, तोच पट, पण तुम्ही ८० गुणांनी पुढे आहात की मागे, यावर बरोबर चाल बदलते. पुढे असाल आणि पिशवी संपत आली असेल तर ३० गुणांची पण पट मोकळा करणारी चाल सोडून १८ गुणांची, पट बंद करणारी चाल खेळावी. समोरच्याला बिंगो लावायला जागाच उरू देऊ नये. मागे असाल तर बरोबर उलटं. तेव्हा दारं-खिडक्या उघडायच्या, उलथापालथ होऊ द्यायची, कारण शांतपणे खेळून तुम्ही शांतपणे हरणार. वीस गुणांनी हरणं आणि शंभर गुणांनी हरणं यात त्या डावापुरता फरक नसतो. त्यामुळे शंभराने हरण्याची जोखीम घेऊन जिंकण्याची संधी थोडी वाढत असेल तर ती घ्यावी. आपल्याकडे आव्हानाचा पाठलाग करताना शेवटच्या षटकांत फलंदाज काय करतो? हेच.

आणि शेवटचा भाग, माझा सगळ्यात आवडता. स्पर्धेत खेळाडू जवळ कागद ठेवतात आणि पटावर आलेली प्रत्येक टाइल त्यावर खोडत जातात. याला परवानगी असते. पिशवी रिकामी झाली की कागदावर न खोडलेली जी अक्षरं राहतात ती म्हणजे समोरच्याचा हात. पत्ते उघडे पडल्यासारखंच. तिथून पुढे नशीब संपलं, उरला शुद्ध हिशोब. समजा त्याच्याकडे 'क्यू' अडकलाय आणि पटावर 'क्यू' लावायची एकच जागा आहे. तुम्ही तिथे तुमचा पाच गुणांचा फालतू शब्द लावून जागा बंद करता. डाव संपताना समोरच्याच्या हातात उरलेल्या टाइल्सचे दुप्पट गुण बाहेर पडणाऱ्याला मिळतात. म्हणजे एकट्या 'क्यू'चे २०. पाच गुणांच्या चालीची खरी किंमत पंचवीस झाली, शिवाय त्याची 'क्यू' लावायची संधी गेली ती वेगळीच. त्याच्याही आधी, पिशवीत दोन-तीन टाइल्स उरल्या असताना, एखादी टाइल मुद्दाम पिशवीतच राहू द्यायची म्हणून छोटा शब्द खेळणं हा तर अजून वरच्या इयत्तेचा प्रकार. पिशवी कोण रिकामी करतो यावर शेवटी आधी कोण सुटतो हे ठरतं.

हे सगळं घड्याळ चालू असताना करायचं असतं बरं का. स्पर्धेत प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी २५ मिनिटं, वर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला साधारण १० गुण दंड. म्हणजे विचार कुठे करायचा आणि कुठे नाही, हाही एक निर्णयच.

बरं, यात नशीब नाही का? आहे, भरपूर आहे. सगळं बरोबर खेळून 'आय, आय, आय, यू, यू, व्ही, डब्ल्यू' असा हात येतो आणि समोरचा नवशिका दोन्ही कोऱ्या टाइल्स उचलतो. हरता तुम्ही. म्हणूनच मला हा खेळ बुद्धिबळापेक्षा जास्त खऱ्या आयुष्यासारखा वाटतो. निकाल वाईट आला म्हणून निर्णय वाईट होता असं नसतं, आणि निकाल चांगला आला म्हणून निर्णय शहाणपणाचा होता असंही नसतं. ७२ टक्क्यांवर पैज लावून हरलात तर पुढच्या वेळीही तीच पैज लावायची. हे लिहायला सोपं आहे. आमच्या धंद्यात रिलीज फसलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, "कोणाचा निर्णय होता?" त्या वेळी हाताशी काय माहिती होती, हे विचारणारा माणूस विरळा. आणि कुणीतरी टेस्टिंग न करता कोड ढकलला आणि तो नशिबाने चालला, तर त्याचं नाव 'धडाडीचा' पडतं. अशा माणसांना महिनाभर सक्तीने स्क्रॅबल खेळायला लावावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

नशिबाचा भाग वेगळा काढायला साधनंही आहेत. क्वॅकल नावाचा मुक्त-स्रोत प्रोग्राम फुकट मिळतो. २००६ साली टोरंटोमध्ये त्याने १९९५ चा विश्वविजेता डेव्हिड बॉइज याला पहिले दोन डाव हरल्यानंतर ३-२ असं हरवलं होतं. आपला खेळलेला डाव त्यात भरायचा आणि प्रत्येक पाळीला विचारायचं, तू काय खेळला असतास? तो हजारो वेळा पुढचा खेळ खेळून बघतो आणि यादी देतो. जिंकलेला डाव तपासताना डोकं सगळ्यात जास्त ठिकाणावर येतं, असा माझा अनुभव आहे.

आता मूळ मुद्दा, इंग्रजी. कुणी म्हणेल, अरे पण शब्द तर लागतातच ना? लागतात. नाही कसं म्हणू? अमेरिका-कॅनडाबाहेर बहुतेक ठिकाणी कॉलिन्सची शब्दयादी चालते, त्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. दोघांचे निर्णय सारखेच चांगले असतील तर ज्याच्याकडे शब्द जास्त तो जिंकणार. पण ते शब्द येणं म्हणजे इंग्रजी येणं नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माणसालाही ची हा शब्द आईच्या दुधातून मिळालेला नसतो. त्यालाही तो पाठच करावा लागतो. उलट या यादीत रोटी आहे, धोती आहे, लाख आणि क्रोर आहेत, पूजा आहे, घाट आहे. यात आपण थोडे पुढेच आहोत की! फक्त रोमन स्पेलिंग कुठलं मान्य आहे तेवढं बघून ठेवायचं.

आणि पुरावाच हवा असेल तर नायजेल रिचर्ड्सचा घ्या. न्यूझीलंडचा हा माणूस २००७ साली विश्वविजेता झाला तो आपल्या मुंबईत. अंतिम फेरीत त्याने मलेशियाच्या गणेश असिर्वथमला ३-० ने हरवलं. (मी तेव्हा शाळेत होतो आणि हे असं काही आपल्याकडे होतंय याचा मला पत्ताही नव्हता.) पुढे त्याने इंग्रजीतली विजेतेपदं आणखी मिळवलीच, पण २०१५ मध्ये कहर केला. फ्रेंच भाषा येत नसताना नऊएक आठवडे फ्रेंच शब्दयादी पाठ केली आणि फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद घेऊन आला. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही. स्पॅनिशही त्याला बोलता येत नाही. भाषा न येता दोन भाषांचा विश्वविजेता!

लोक त्याची स्मरणशक्ती बघून थक्क होतात. ती आहेच अचाट. पण फ्रेंच शब्द तर त्याच्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला येत होते, तेही अर्थासकट. ते सगळे लहानपणापासून त्याच भाषेत भांडत आणि स्वप्नं बघत आलेले. तरी ते हरले, कारण कुठला शब्द कधी लावायचा आणि कुठला लावायचा नाही, हे त्याला जास्त चांगलं कळत होतं.

थायलंड बघा. तिथे इंग्रजांचं राज्य कधी आलंच नाही, घरात-बाजारात सगळीकडे थाई. तरी २००३ चा विश्वविजेता पानुपोल सुज्जयाकॉर्न थायलंडचा, २००९ चा पाकोर्न नेमित्रमान्सुकही थायलंडचा. २०१५ मध्ये पर्थला नायजेरियाचा वेलिंग्टन जिघेरे जिंकला, आफ्रिकेचा पहिला विश्वविजेता. त्या वेळी बरंच छापून आलं होतं की नायजेरियाच्या संघाने लांबलचक शब्दांचा हव्यास सोडून चार-पाच अक्षरी शब्दांवर भर दिला होता. लांब शब्द येत असूनही छोटा खेळायचा, चांगल्या टाइल्स हाताशी ठेवायच्या, पट मोकळा सोडायचा नाही. म्हणजे परत तेच. हातचं राखून.

माझा एक मित्र म्हणतो, अर्थ माहीत नसलेले शब्द लावण्यात कसला आनंद? हा भाषेचा अपमान आहे. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. शब्दांचं प्रेम असणाऱ्याने कविता वाचावी, मीही वाचतो. पण पत्त्यांतला बदाम राजा कुठल्या देशाचा हे विचारून कुणी सत्तीलावणी खेळत नाही. इथे शब्द ही नाणी आहेत. नाण्यावर कुणाचं चित्र आहे ते बघायला हरकत नाही, पण बाजारात ते कुठे खर्च करता यावर तुमचा संसार चालतो.

आणि याच्या पलीकडची एक गोष्ट मला जास्त बोचते. आपल्याकडे इंग्रजी बोलता येणं आणि हुशार असणं यांची इतकी सरमिसळ झाली आहे की कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ग्रुप डिस्कशनपासून ऑफिसातल्या प्रमोशनपर्यंत ज्याची जीभ चालते त्याचं डोकं चालतं असं गृहीत धरतात. ते बदलणं माझ्या हातात नाही. पण निदान एका खेळाच्या पटावर, जिथे तोंडातून चकार शब्द काढायची गरज नाही, उच्चार कुणी ऐकत नाही, व्याकरण कुणी विचारत नाही, फक्त मोजणं आणि ठरवणं आहे, तिथूनही आपण आपणहून उठून जावं? हे मला पटत नाही. खोका कुणाच्या बापाचा नाही.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझा सल्ला. डिक्शनरी उघडू नका. फक्त दोन अक्षरी शब्द पाठ करा, सव्वाशेच्या आसपास आहेत, रोज दहा केले तर दोन आठवडे. त्याने पटावरच्या निम्म्या बंद वाटा उघडतात. मग एकच सवय लावून घ्या. शब्द सापडला की लगेच लावायचा नाही. आधी रॅकवर मागे काय उरतंय ते बघायचं, मग समोरच्याला काय उघडं पडतंय ते बघायचं, मग धावफलक. तीन प्रश्न, अर्धा मिनिट. महिनाभरात तुम्ही अशा माणसाला हरवाल की ज्याच्यासमोर मीटिंगमध्ये तुमचं तोंड उघडत नाही. मग त्याची प्रतिक्रिया मला नक्की कळवा!

चला, थांबतो. उद्या सोमवार, साडेनऊला कॉल आहे.